रांगेतल्या बाईच्या मूळ चित्राबाबत

“माझं चित्र काढ, पण हसताना नको, दात पुढे आहेत माझे.” मी नऊ वर्षांची असताना ताई हे म्हणाली होती. मृत्युपत्राची सुरुवात त्या वाक्याने करते, कारण तिचं ते म्हणणं मी मोडलं.

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढते. पूर्ण शुद्धीवर आहे आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. डोकं ठीक असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. लढाई अजून चालू आहे, म्हणून हे आजच.

१. तिसऱ्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची जागा आणि बँकेत असेल ते, सगळं ताईच्या मुलीला द्यावं. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. प्लंबरला बोलू नये, नळ मी बसवला आहे.

२. टाक, शाई आणि चित्रं काढायचा उतरता फळा छापखान्याच्या फोरमनना. ते पावत्यांच्या मागे फार चांगली चित्रं काढतात आणि कुणाला दाखवत नाहीत. खोडरबर मात्र समोरच्या पेपरातल्या व्यंगचित्रकाराला. माझ्या व्यंगचित्रांतले, तळघरात छत्री उघडून बसणारे आजोबा त्याने सहा महिने स्वतःचे म्हणून वापरले. त्याने आयुष्यात काही खोडलेलं नाही, आता तरी खोडेल.

३. संपादकांना काही नाही. लढाई सुरू झाली तेव्हा ते म्हणाले होते, “सकाळी एक मिनिट हसव लोकांना. बाकीचा दिवस आम्ही आहोतच रडवायला.” म्हणून मी ‘रांगेतली बाई’ काढली, पावाच्या रांगेत कायम पिशवी तोंडापुढे धरलेली. लोक ती कापून तळघरांच्या भिंतींवर चिकटवत. ती ताई आहे, हे फक्त घरच्यांना माहीत होतं.

चित्र तीन दिवस आधी द्यायचं, अशी आमची पद्धत. त्या बुधवारी दिलेल्या चित्रात भोंगा वाजतोय, सगळे पळालेत आणि बेकरीसमोर बाई एकटीच उभी. पिशवी खाली, सगळे दात दिसताहेत. “बरं झालं, आता माझाच नंबर.” हे खरंच घडलं होतं; ताईनेच जेवताना सांगितलं होतं.

शुक्रवारी दुपारी भोंगा वाजला आणि त्याच बेकरीसमोर तोफगोळा पडला.

शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या बाकावर, ताईला ताब्यात देण्याची वाट बघत होते. शेजारचा माणूस पेपर वाचता वाचता हसला. मी वाकून पाहिलं. एका बाजूला मृतांची यादी, ताईचं नाव सातवं. यादीला लागून माझं चित्र. संपादकांना वाटलं उपसंपादकाने ते काढून टाकलं असेल. उपसंपादकाला वाटलं, संपादकांनी. आणि मला, जिने ते काढलं, असं चित्र छापायला गेलंय हे आठवलंच नव्हतं. कसं आठवलं नाही, हे मला आजही कळत नाही.

४. भावोजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. “तू तिला त्या रांगेत उभी केलीस,” एवढंच म्हणाले. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. चित्र देण्याआधी मी ते ताईला दाखवलं होतं. तिने बराच वेळ पाहिलं आणि तोंडावर हात न ठेवता हसली.

“छान दिसते की गं मी. आता पळाले तर तुझं चित्र खोटं पडेल.”

“मग पळूच नकोस,” मी म्हटलं.

आम्ही दोघी खूप हसलो.

वरील सर्व मी दोन साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: रांगेतल्या बाईची धाकटी बहीण
साक्षीदार: १. तळमजल्यावरची परिचारिका २. समोरचे शिंपीकाका
स्थळ: माझं स्वयंपाकघर, खिडकीपासून लांबची बाजू
दिनांक: ९ मार्च, लढाईचं दुसरं वर्ष

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर: भावोजी, मूळ चित्र फळ्यामागच्या पाकिटात आहे, तुमच्यासाठी. तुमच्याकडच्या प्रत्येक फोटोत तिचा हात तोंडावर आहे. हे चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावा. वरचं वाचून तुम्ही नाहीच म्हणाल. तरी लावा.