नव्या कॅरेटवर ठेवलेला हात

आई, तुझ्याबद्दल मी एक गोष्ट चुकीची सांगून बसले आहे. मला लग्नाचं विचारणाऱ्या अकोल्याच्या मुलाला मी म्हटलं, की फुलं भरायला बाजारातून आणलेलं नवं प्लास्टिकचं कॅरेट तू जपून माळ्यावर ठेवलं होतंस. तसं झालं नव्हतं, हे काल अमरावतीला घरी आल्यावर कळलं.

शाळेत नाव घालायच्या आधीपासून तू हार गुंफता गुंफता मला इंग्रजी शब्द शिकवायचीस. शब्द पाठ झाला की घरातल्या कोणत्या तरी वस्तूवर हात ठेवून तो म्हणायचा, हा नियम. एका सकाळी शब्द होता ‘ड्युरेबल’, म्हणजे टिकाऊ. मी पळत जाऊन नव्या कॅरेटवर हात ठेवला. झेंडूवरची नजर न काढता तू म्हणालीस, “थे तं आताच दुकानातून आलं. दुकानदार म्हणीन टिकाऊ. तुले काय माईत?” मग शोधत शोधत मी सुतळीने आवळलेल्या जुन्या टोपलीपाशी आले, तेव्हा कुठे तू मान डोलावलीस.

मी सातवीत असताना तू गेलीस, आणि माझ्याजवळ राहिलं ते तुझं ‘तुले काय माईत?’ एवढंच. आता अकोल्याच्या शाळेत मी हाच शब्द मुलांना शिकवते, पण स्वतःचं नवं काही टिकेल असं माझ्याच्यानं म्हणवत नाही. तो मुलगा चांगला आहे, माझ्या गप्प बसण्याला कंटाळत नाही. परवा बसस्टँडवर चहा पिताना मात्र हसत म्हणाला, “तू अजून कायची वाट पाहून राहिली? मी गॅरंटी कार्ड घेऊन येऊ का?” तेव्हाच मी त्याला ते माळ्यावरच्या कॅरेटचं सांगितलं.

काल बाबा मागच्या अंगणात फुलं भरत होते, त्याच कॅरेटमध्ये. त्याच्या तडकलेल्या कोपऱ्याला तार आवळलेली आहे. मी ते माळ्यावर ठेवल्याचं विचारलं, तर म्हणाले, “माळ्यावर कायले? तिनं तं त्याच दिवशी भरून बाजारात धाडलं.” आणि मग मला दिसतं, तू झेंडूवर ओलं फडकं पसरतेस, कॅरेट उचलून ऑटोत ठेवतेस, टिकेल का म्हणून थांबत नाहीस, मागे वळूनही पाहत नाहीस.

तुला लिहिलेले हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. माझी भीती गेली आहे असंही नाही. पण येत्या रविवारी सकाळी तो अमरावतीला येतोय. आधी त्याला कॅरेटचं खरं काय ते सांगीन. मग हो म्हणीन, रविवारीच.