कुंदाबाईंच्या नळीत मी कसा सापडलो

गोंदिया,
रविवार, दुपार

आदरणीय भुपेंद्रभाऊजी यांना हिमांशुचा वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती उत्तम असेल असे समजून चालतो. रेणूताईचा गुडघा आता कसा आहे? तिने तेल लावणे सोडले असेल, कारण तेल मी पाठवले होते. तुम्ही पाठवले असते तर अजून लावत बसली असती. इकडे आईचा खोकला थांबला आहे. धानाची रोवणी आटोपली आहे. बिरसीच्या वैमानिक शाळेची विमाने सकाळपासून डोक्यावर गोल गोल फिरत असतात. ती शिकाऊ पोरे कुठेच न जाता रोज दमून खाली उतरतात, हे पाहून मला माझ्या कामाची आठवण येते.

फोन सोडून पत्र का लिहिले, असे तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो जी, हो जी" म्हणतो. शिवाय ताई तो फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासते, त्यामुळे माझे अर्धे म्हणणे परातीत जाते. कागदावर मला कोणी मध्येच थांबवत नाही.

सर्वप्रथम आभार. ही नोकरी तुमच्या ओळखीने लागली, हे मी विसरलेलो नाही. दिवाळीत तुम्ही जेवता जेवता सांगितले होते की, पुढच्या काळात खरा धंदा माणसाच्या जनुकांचा. कोणते औषध कोणाला लागू पडेल हे आधी जनुकांत पाहतील आणि मग औषध बनवतील, म्हणून मोठमोठ्या औषध कंपन्या ही माहिती विकत घ्यायला रांगेत उभ्या आहेत. ही बाजारपेठ कशी वाढणार हे तुम्ही ताटातल्या वरणात बोटाने रेघ ओढून दाखवले होते. (रेघ ताटाच्या कडेवरून थेट सतरंजीवर गेली. ताईने ती ओल्या फडक्याने पुसली, पण बाजारपेठ वाढतच राहिली असणार.) बारावीनंतर एक वर्ष कॉलेजात जाऊन परत आलेल्या माणसाला त्या रेघेत जागा मिळाली, हे तुमचेच उपकार.

माझ्या पदाचे नाव 'क्षेत्रीय नमुना समन्वयक' असे आहे. गावात मला 'थुंकीवाला' म्हणतात. काम सोपे आहे. माणसाने प्लास्टिकच्या नळीत रेघेपर्यंत थुंकायचे, मी झाकण लावायचे, नाव चिकटवायचे आणि नळी प्रयोगशाळेकडे पाठवायची. कंपनी त्या थुंकीतून माणूस वाचते. वाचलेले औषधवाल्यांना विकते आणि थुंकणाऱ्याला बदल्यात मोबाईलवर एक रंगीत अहवाल फुकट देते. त्यात कोणता आजार होण्याचा धोका आहे आणि कंपनीकडे नमुने असलेल्यांपैकी कोण कोण आपल्या नात्यात बसते, हे लिहिलेले असते. अट एकच, थुंकण्यापूर्वी अर्धा तास तोंडात काही नको. हा नियम करणारा माणूस आपल्या जिल्ह्यात कधी आलेला नसावा. अर्धा तास सुपारी-तंबाखूचा खर्रा न खाता बसलेला माणूस आपल्याकडे फक्त दवाखान्यात दिसतो, तोही बेशुद्ध. पहिल्या गावाचे नमुने प्रयोगशाळेने परत पाठवले, कारण त्यांत माणूस कमी आणि सुपारी जास्त सापडली.

आमचे वरिष्ठ चंद्रकुमार साहेब गोंदियाचेच आहेत आणि हिंदीत बोलतात. त्यांनी प्रशिक्षणात समजावले की आपल्यासारखे समाज औषध शोधायला फार मोलाचे आहेत, कारण आपण पिढ्यान् पिढ्या त्याच दहा-पाच गावांत सोयरिकी केल्या. म्हणजे आपल्या आजोबांनी लांब चालायचा कंटाळा म्हणून जे केले, त्याला तिकडे संशोधनाची खाण समजतात. त्याच प्रशिक्षणात प्रत्येक कर्मचाऱ्याकडून स्वतःचाही नमुना घेतला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मला मात्र ती ऐन वेळी आठवली नाही.

आता मूळ हकिगत. देवरीकडच्या दुधराम पाटलांची चेतना तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा तुम्ही नेमके दौऱ्यावर होता. चेतना बी.एस्सी. झाली आहे आणि गावातल्या मुलांची शिकवणी घेते. तिने मला दोनच प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरे चुकूनही तिने होकार दिला. दुधरामजी मात्र म्हणाले, "पोरगा चांगला हाये, पण नोकरी टिकते का नाही ते पाहू. थुंकीचा धंदा कोणी आयकला हाये काय, बाप्पा?" तेव्हापासून माझी नोकरी आणि माझे लग्न एकाच दाव्याला बांधलेले आहे.

दुधरामजींच्या आई कुंदाबाई. त्यांचे वय कोणालाच ठाऊक नाही. जन्मभर दोन्ही वेळा भात आणि वर गुळाचा खडा खाऊनही त्यांना साखरेचा आजार शिवलेला नाही. दुधरामजींना मात्र तो तरुणपणापासून आहे. हे मी सहज साहेबांना बोललो, तर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. अशी माणसे कंपनी शोधतच होती म्हणे. त्यांच्या जनुकांत (नु ऱ्हस्व, मी शब्दकोशात पाहिले) कोणती गोष्ट त्यांना वाचवते ते कळले, तर त्यावरून जगभर खपणारे औषध निघू शकते. तिन्ही पिढ्यांचे नमुने आणले तर नोकरी कायम करतो, असेही ते म्हणाले.

मी गेलो. कुंदाबाईंनी आधी विचारले, "माह्या थुंकीचं औषध निघालं, तं माह्या पोराले ते फुकट देतीन काय?" या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत नव्हते. मी पुस्तिका उलटीही करून पाहिली. मग त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. आण तुही नळी."

पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला ओल किती असणार? बऱ्याच वेळाने नळीच्या बुडाशी थोडासा फेस जमला. मी दुसऱ्या नळ्यांवर नावे चिकटवत ओसरीच्या टोकाला बसलो होतो. आता तुम्ही शहरात राहून विसरला असाल म्हणून आठवण करून देतो. त्या गावात रोवणीच्या दिवसांत तलावाचे पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचले नाही, तर वरचे लोक आपल्या पाळीतले थोडे थोडे पाणी न मागता सोडतात. कोणाची बांधी, हे कोणी विचारत नाही. तसेच झाले. आईची नळी भरत नाही हे पाहून दुधरामजींनी ती घेतली आणि आपला वाटा टाकला. मग त्यांच्या पत्नी सुशिलाबाईंनी पदर तोंडाला लावून टाकला. ताक मागायला आलेल्या शेजारच्या कवडूकाकांनी तर भांडे खाली ठेवून मनापासून टाकला. मी मान वर केली तोवर नळी फिरत फिरत माझ्यापुढे आली होती. कुंदाबाई म्हणाल्या, "टाक नं बाबू, तू का परका हायेस?"

भाऊजी, तुम्हीच सांगा, अशा वेळी नळीत एकाच व्यक्तीची लाळ असावी हा नियम वाचून दाखवायचा काय? ज्या घरात मला जावई व्हायचे आहे तिथे मी 'परका आहे' म्हणायचे काय? मी टाकली. अगदी थोडी.

श्रावण लागला आणि दुधरामजींच्या मोबाईलवर अहवाल आला. चेतनाने तो मोठ्याने वाचला. कुंदाबाईंच्या नावाखाली लिहिले होते, 'अत्यंत जवळचे नाते आढळले: हिमांशु. नातू असण्याची दाट शक्यता.'

कुंदाबाईंना मूल एकच, दुधरामजी. मग हा नातू कोणाकडून आला, हा हिशोब सुशिलाबाईंनी मनातल्या मनात आणि फार लवकर केला. दुधरामजी तरुणपणी मोहफुलाच्या व्यापाराला सालेकशाला जात असत आणि माझ्या आईचे माहेर सालेकशाचे. सुशिलाबाई एवढेच म्हणाल्या, "तरीच म्हणतो, मोहफुलं संपले तरी तुम्ही चार-चार दिवस तिकडं कायले राहत होते." त्या दिवसापासून दुधरामजींना चहा बिनसाखरेचा मिळतोच, पण आता बिनदुधाचा आणि बिनबोलण्याचा मिळू लागला. लग्न तर मोडल्यातच जमा होते. भावाबहिणीचे लग्न कोण लावणार?

आईला ही गोष्ट कशी सांगावी या काळजीने मी दोन वेळा जेवलो नाही. सांगितली तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली आणि शेवटी खवळली. "कंपनीले माह्यासाठी दुसरा कोणी भेटला नाही काय? तो दुधराम? त्याचे कान पाहिलेस काय तू?"

तिकडे साहेबांचाही फोन आला. प्रयोगशाळेने पुन्हा नीट पाहिले, तर त्यांना नळीत बरीच गर्दी आढळली होती. साहेब म्हणाले, "हिमांशु, इस नली में पूरा मोहल्ला बैठा है। और सबसे ऊपर तू बैठा है। तू बुढ़िया में घुसा कैसे?" मी म्हणालो, लाइन कट होत आहे. (होत नव्हती.) आता माझी अडचण पाहा. मी थुंकलो हे कबूल केले तर नोकरी जाते, आणि नोकरी गेली की दुधरामजी मुलगी देत नाहीत. कबूल न केले तर मी दुधरामजींचा मुलगा ठरतो, आणि मग तर ते मुलगी देऊच शकत नाहीत.

गुरुवारी साहेब स्वतः मला मोटारीत घालून गावी निघाले. देवरीपर्यंत मी खिडकीतून बांध्या पाहत होतो. ओसरीवर सगळे जमले होते. दुधरामजी एका कोपऱ्यात, सुशिलाबाई त्यांच्यापासून शक्य तितक्या दूर, चेतना दाराशी. साहेबांनी विचारले, नमुना घेताना नक्की काय झाले? मी तोंड उघडले, पण त्यातून काही निघेना. (नळीच्या वेळी हीच अडचण आली असती तर बरे झाले असते.) तेवढ्यात कुंदाबाई म्हणाल्या, "होईन काय? माही नळी भरत नव्हती, तं सगळ्यांनी टाकलं. यानं बी टाकलं. काऊन जी, तुमच्या गावात कमी पडलं तं कोणी देत नाही काय?"

मग सुशिलाबाई उठल्या, आत गेल्या आणि दुधरामजींसाठी दुधाचा चहा घेऊन आल्या. माझे लग्न वाचले हे मला त्या कपावरून कळले. पण नोकरी गेली हे साहेबांच्या चेहऱ्यावरून कळले. "तू कल से मत आ," असे म्हणून त्यांनी नवी नळी काढली आणि कुंदाबाईंपुढे धरली. कुंदाबाईंनी तोंड मिटून घेतले. साहेबांनी विनंती केली, दवाखान्याचे, देशाचे आणि साखरेने गांजलेल्या लोकांचे नाव घेतले. कुंदाबाई म्हणाल्या, "ह्या पोराले काढलं तं मी थुंकत नाही. आन् दुधराम, तुले बी सांगून ठेवतो. ह्या दोघांच्या लग्नाची तारीख निघेपर्यंत मी कोणाच्याच नळीत थुंकत नाही."

साहेब अंगणात जाऊन फोनवर बोलून आले. वरच्या कार्यालयाने काय सांगितले ते कळले नाही, पण आल्यावर त्यांनी दुधरामजींचा हात हातात घेतला. "दुधरामजी, लड़का हीरा है। शादी कर दीजिए, जल्दी कर दीजिए।" भाऊजी, सोयरीक जमवायला मामा, काका, गावचे पाटील येतात हे मी पाहिले आहे. माझ्यासाठी औषधाचा कारखाना आला. दुधरामजींनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "नोकरी टिकली म्हणायची. पाठव तुह्या घरचा मोठा माणूस बोलणीले."

तर अशी खुशाली आहे. पत्राचे विशेष कारण काही नाही, तुमची आठवण आली म्हणून लिहिले. तब्येतीला जपावे, गोड कमी खावे. ताईला नमस्कार.

तुमचा,
हिमांशु

ता. क. : घरचा मोठा माणूस म्हणजे तुम्हीच. येत्या रविवारी पहिल्या गाडीने या. साहेब देवरीत मुक्काम करून नवी नळी घेऊन बसले आहेत आणि रोज मला "तारीख निकली क्या?" विचारतात. एकच विनंती आहे. तिथे साक्षगंध, मानपान, जेवण यावर हवे तितके बोला, पण बाजारपेठेवर एक अक्षर बोलू नका. आणि वरणात बोट घालू नका.

दुसरा ता. क. : हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी शुद्धलेखन तपासायला चेतनाला दिले. चूक एकही निघाली नाही. पण ती म्हणते, मजकुरात एक दुरुस्ती हवी. कुंदाबाईंनी मला "टाक नं" किंवा "तू का परका हायेस" असे म्हटलेच नव्हते. त्या "लाव आता झाकण" म्हणाल्या होत्या. कवडूकाकांचे झाल्यावरच नळी रेघेच्या वर गेली होती, आणि मी ती हातात घेऊन, सगळ्यांकडे एकदा पाहून, मग थुंकलो. हे तिने दाराआडून पाहिले होते आणि म्हणून ती इतके दिवस अहवालाला घाबरली नाही, माझी नोकरी जाऊ नये एवढ्यासाठी हे कोणाला सांगितले मात्र नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. रविवारी नक्की या.