दंडावरचं पीस

सान पेद्रो, तळ्याकाठी
मंगळवार

प्रिय रोसेंदा,

तळ्याकाठचा सगळ्यात बडबड्या हाडवैद्य, म्हणजे तुझा बाप, आठ दिवस दार लोटून गप्प बसलाय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. लोकांना सांगतो, बोटं दुखतात.

बोटं ठणठणीत आहेत. तू इस्पितळात नोकरीला लागलीस त्या वर्षी सुट्टीला आलीस आणि टेबलावर संत्रं ठेवलंस, आठवतं? म्हणालीस, "बाबा, खुबा म्हणजे वाडग्यातलं संत्रं आणि खांदा म्हणजे बशीतलं. म्हणून तर तो चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच घरंगळतो." चाळीस वर्षं मी जे नुसतं चाचपत होतो ते तू एका फळात दाखवलंस. मनातून फुशारलो, तोंडानं मात्र म्हणालो, "सोल आता, खाऊ." मग तू कोंबडीचं पीस काढलंस. खांदा ओढण्याआधी ते दंडाच्या बाहेरच्या अंगावर फिरवायचं, कळतंय का विचारायचं. सांध्याखालून एक शीर वळसा घालून जाते, ती दुखावली तर तिथली कातडी बधिर होते. मी हसलो. "विचारून हाड बसवायचं तर माझे हात कशाला? आमच्याकडे हाडच हाताला बोलावतं." तू पीस माझ्या टोपीत खोचलंस आणि गेलीस.

पंधरा दिवसांपूर्वी तुझी आई धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवर पडली. उजवा खांदा निखळला, दंडाच्या हाडाचा गोळा पुढे आलेला. सूज चढायच्या आत ओढायचा ही आपली रीत. ओढला. खट्ट झालं, जागच्या जागी बसला. आई म्हणाली, "म्हातारे झालात तरी हातात जोर आहे हो." शेजाऱ्यांसमोर मी छाती काढून उभा राहिलो.

चौथ्या दिवशी तिनं विणायच्या मागाची दोरी खांबावर नेहमीपेक्षा हातभर खाली बांधली. विचारलं तर म्हणे, "खिडकीतलं ऊन डोळ्यावर येतं." त्या बाजूला खिडकी नाही, पोरी. मग मी लक्ष ठेवलं. हात बाजूला उचलायचा तर ती आधी खांद्याचा फराच वर ढकलते, मान वाकडी करते. खांद्यावरचं गोल मांस ढिलं पडलंय. शेवटी टोपीतलं पीस काढलं, तिला डोळे मिटायला सांगितलं. दंडावरून फिरवलं, वर, खाली, पुन्हा वर. ती म्हणाली, "अहो, फिरवा की आता, किती ताटकळत ठेवाल?"

तेव्हापासून झोप नाही. परवा एक कॉफी तोडणारा खांदा धरून आला. त्याच्या दंडावर पीस फिरवलं, त्याला कळलं, तरी माझे हात पुढे होईनात. डॉक्टरकडे पाठवला.

आई सगळ्यांना सांगते, पडल्यामुळे झालं. असेलही. माझ्या ओढण्यानंही झालं असेल. आधी पीस फिरवलं असतं तर ठाऊक असतं. आता ते तुलाही कळायचं नाही, म्हणून ते विचारत नाही. शीर जागी होते का, एवढंच बघ, आणि माझी भीड न ठेवता सांग. गुरुवारी पहिल्या होडीनं तिला घेऊन निघतो. नुसतं तुला भेटायला, असं सांगितलंय. तिनं विश्वास ठेवल्याचं दाखवलंय. भेटल्यावर तिच्या उजव्या दंडावर हात ठेवू नकोस. तिला कळायचा नाही, आणि ती कळल्यासारखी हसेल.

तुझाच, अजून पीस टोपीत खोचलेला,
बाबा