एक दाणाही न घालता

माय, आज मी हिरवी चटणी केली आणि तिच्यात एकही शेंगदाणा घातला नाही. तू असतीस तर कपाळाला हात लावून विचारलं असतंस, घरात कोणी आजारी आहे का. आजारी कोणी नाही, पण भानगड मोठी झाली होती, तीच तुला सांगायची आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीत शाळा सोडली, म्हणजे पत्राच्या कामाला आपण दोघीही नालायक. तरी नातीची जुनी वही घेऊन बसले आहे. तिनं चितारलेले हत्ती मागच्या पानावर आहेत, त्यांच्यामधून जागा काढत लिहिते.

तुझं धुळ्याचं ते गोडाऊन मला अजून दिसतं. पत्र्याखाली तुम्ही वीस-पंचवीस बाया शेंगा फोडत बसलेल्या, समोर टरफलांचा ढीग, आणि तुझ्या पदराला मी चिकटलेली. तुझ्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं असायचं, त्यात माती भरलेली. संध्याकाळी शेठाणी जिच्या तिच्या ओंजळीत दाणे टाकायची आणि तू ते पदराच्या गाठीत बांधून आणायचीस. मग आपल्या घरी काय, भाजीत दाणे, भरतात दाणे, आमटीला कूट, उपासाला दाणे, आणि काहीच नसलं की दाणे आणि गूळ. दाण्यांवरच तू आम्हा बहिणींना वाढवलंस. तू कधी गोड बोलली नाहीस. पण एखाद्या दिवशी वाटीत दाणे जरा जास्त पडले की मी समजायचे, आज माय खुशीत आहे.

आता माझ्या नातीचं ऐक. पाच वर्षांची आहे, तोंडाळ आहे, माझ्यावर गेली असं सगळे म्हणतात. दोन वर्षांमागं तिनं चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. इथल्या जळगावच्या डॉक्टरनं तपासण्या करून सांगितलं, हिला शेंगदाणा चालणार नाही, काजू-बदामही नको, कणभरसुद्धा नको, जिवावर बेतेल. मी तिथंच बोलले, "आमच्या काळी असलं काही नव्हतं, डॉक्टर." डॉक्टर म्हणाला, "होतं आजी, नाव नव्हतं." मला राग आला. खानदेशातलं पोर आणि दाणा चालत नाही, हे काय बोलणं झालं. तरी सुनेचा हट्ट म्हणून पोरीची कढई वेगळी केली, तेल बदललं, चमचे वेगळे केले. आम्हा म्हाताऱ्यांचं खाणं मात्र होतं तसंच राहिलं. तुझ्या जावयाला दाण्याच्या चटणीशिवाय भाकरी उतरत नाही, तुला ठाऊकच आहे.

सून शाळेत शिकवते. पोरीसाठी तिनं लांब रजा घेतली होती, ती संपत आली होती. सून कामावर जायला लागली की पोरगी तिच्या शाळेतून आल्यावर माझ्याजवळ राहणार, असं ठरलेलं. त्यातच पोरीनं हट्ट धरला. तिच्या वर्गातली एक मैत्रीण डब्यात हिरव्या शेवया आणते, पास्ता म्हणतात त्याला, वर हिरवी चटणी. तिला पेस्टो म्हणतात. हिला चाखायलाही मनाई, कारण त्यात काजू नाहीतर कसलेतरी महागाचे दाणे असतात. सून म्हणाली, "आपण दाणे न घालता करू." मी म्हटलं, "तू राहू दे, चटणीच आहे ना, मी करते. मला चटणी शिकवणारी अजून जन्माला यायची आहे."

कुंडीत सब्जा लावलेला होता, तोच त्या पेस्टोत घालतात असं सुनेनं सांगितलं. तुळशीसारखाच, पण वाटायला पाप लागत नाही. पानं खुडली, लसूण सोलला, आणि सवयीनं तू दिलेल्या पाट्याशी बसले. मिक्सरमध्ये पानं काळी पडतात, पाट्यावर हिरवीगार राहतात. एकही दाणा घातला नाही, देवाशपथ. पोरीनं दोन बोटं चाटली आणि तिसऱ्या बोटाला तिचा ओठ सुजायला लागला. खोकला सुरू झाला. असं झालं तर म्हणून डॉक्टरनं देऊन ठेवलेलं इंजेक्शन सुनेनं कपाटातून काढलं आणि तिच्या मांडीत बरोबर टोचलं. मग रिक्षा, मग दवाखाना. एक दिवस ठेवून घेतलं. पोरगी सुखरूप आहे, आधीच सांगते, तू जिवाला घोर लावू नको.

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "आई, खरं सांगा, कूट घातला होता?"

"नाही."

"थोडासा? सवयीनं?"

"नाही म्हटलं ना. मी काय वेडी आहे?"

ती पुढं भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी फोनवर पाळणाघरवालीशी बोलताना मी ऐकलं, रजा संपली की जागा मिळेल का विचारत होती. मी भिंतीकडे तोंड करून बसले. माझी नात, माझ्या घरात मी असताना, परक्या बाईच्या हातचं खाणार. दोन दिवस मी सुनेशी बोलले नाही, आणि माझं न बोलणं म्हणजे काय असतं ते या घराला माहीत आहे, भांडी बोलतात.

तिसऱ्या दिवशी पाटा उभा करायला वाकले तर नाकाला वास आला. दाण्यांचा. आदल्याच दिवशी, म्हणजे पोरीची चटणी वाटायच्या आदल्या दिवशी, तुझ्या जावयासाठी मी त्यावर दाण्याची चटणी वाटली होती. आणि पाटा धुतला होता तुझ्या पद्धतीनं. पाट्याला साबण लावायचा नाही, पाट्याची चव जाते, नुसतं पाणी मारायचं आणि काथ्यानं पुसायचा, हे तूच शिकवलंस. तीस वर्षं मी त्याला साबण दाखवला नाही. कढई वेगळी केली, चमचे वेगळे केले, पण पाट्याकडे माझं लक्षच गेलं नाही. पाटा मला भांडं वाटतच नाही, माय. पोरगी झाली तेव्हा पाचवीला हळदीकुंकू वाहून त्याचीच पूजा केली होती. त्याच्यावर कसा संशय घ्यायचा?

तिथंच बसून तुझ्या धाकटीला फोन लावला, शिंदखेड्याला. का लावला ते मलाही नीट सांगता येत नाही, पण डॉक्टरचं ते 'होतं, नाव नव्हतं' डोक्यातून जात नव्हतं. ती फोनवर आपल्या अहिराणीतच बोलते. म्हटलं, "तू लहानपणी दाणे खायची नाहीस. का गं?"

"आज काय आठवनं तुले, अक्का?" ती हसली.

"सांग तर."

"घसा खाजे. जीभ जाड व्हई जाये. मायले सांगं तर मार खाये."

"आणि आता?"

"आते घरमा आनतच नही. नवऱ्याले सांगेल शे, माले वास आवडत नही."

पन्नाशीला आलेली बाई, नवऱ्यालाही खरं सांगितलं नाही, की पुन्हा कोणी नखरा म्हणेल. तू तिला म्हणायचीस, "नखरा करू नको. दाना शे तो, जहर नही शे." मला तुझा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. माय, मी तुला बोल लावत नाही. पदरात बांधून आणलेलं पोराच्या तोंडात घालत होतीस, तुला कोण सांगणार होतं? मला तर डॉक्टरनं सांगितलं होतं, समोर बसवून.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला म्हटलं, "पोळी राहू दे. तू बरोबर होतीस. कूट घातला नव्हता, पण पाट्यात होता." सगळं सांगितलं. माफी वगैरे मला मागता येत नाही, तशी सवय नाही. तिनं पिठाचे हात परातीत झटकले. मग म्हणाली, "मी पण पाटा विसरले, आई. रोज बघत होते, तरी." आणि रडली. मला रडणारी माणसं झेपत नाहीत. मी दाण्यांचा डबा उचलला आणि शेजारणीकडे देऊन आले. तुझा जावई जेवताना बोलला, "चटणी?" म्हटलं, "आता लसणाची खा, नाहीतर शेजारी जेवा." जेवला मुकाट्यानं.

पोरीला ती चटणी पुन्हा करून देऊ का, असं डॉक्टरला विचारलं, त्यानं पंधरा दिवस थांबा म्हटलं. थांबलो. आज सुनेनं नवं मिक्सरचं भांडं काढलं, फक्त पोरीचं. सब्जाची पानं, लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ, लिंबू, सुनेनं आणलेलं ऑलिव्हचं तेल, चीजचा तुकडा. घट्टपणाला काय घालायचं यावर ती मोबाईलमध्ये शोधत बसली. मी ज्वारीची शिळी भाकरी तव्यावर कडक केली आणि हातानं कुस्करून टाकली. चटणी अशी जमून आली की सून बोटावर घेऊन म्हणाली, "हे कोणी शिकवलं?" म्हटलं, "शिळ्या भाकरीला काय शिकायचं." पानं काळी पडू नयेत म्हणून भांडं आधी फ्रीजमध्ये ठेवलं होतं, ती तिची अक्कल. इंजेक्शन ओट्यावर ठेवून आम्ही दोघी पोरीसमोर बसलो. तिनं एक शेवई खाल्ली. मग वाटी संपवली. मी तिच्या ओठांकडे बघत होते, सून घड्याळाकडे. तासभर आमच्यापैकी कोणी उठलं नाही. पोरगीच कंटाळली. म्हणाली, "आजी, छान आहे, पण तिखट का नाही?"

थोड्या वेळानं सून म्हणाली, "पाळणाघरवालीला नाही म्हणून कळवते. सोमवारी डब्याचं तुम्हीच बघा." मी फक्त म्हटलं, "मिरची किती घालू ते सांगून जा."

पाटा मी टाकला नाही. मागच्या अंगणात नळाखाली उलटा ठेवला आहे, त्यावर बादली ठेवतो. तुला आवडणार नाही, पण घरात आता तो येणार नाही.

धाकटी रविवारी येते आहे, हिरव्या शेवया खायला. बिनधास्त ये म्हटलं, घरात दाणाच नाही. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. तिला एक सांगायचं आहे आणि धीर होत नाही, म्हणून आधी तुला सांगते, हे पत्र काही तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. ती ताटातले दाणे वेचून फळीमागं लपवायची. तू विचारायचीस, कोणी टाकले, आणि दर वेळी तिचं नाव सांगणारी मीच असायची. ती मार खायची, आणि तिच्या वाटीतले दाणे तू माझ्या वाटीत टाकायचीस.