खेमा नावाड्याचा सातबारा

राळेगाव, मंगळवार

आदरणीय सदाशिवराव भाऊजी यांना राळेगावहून धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं धरून चाललो आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? (डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, तेव्हा डॉक्टर बदलला की घर, ते कळवावं.) पुष्पाताईची साखर आटोक्यात असेल. इकडे पाऊसपाणी ठीक, सोयाबीन बरं आहे, कपाशीची पऱ्हाटी थोडी पिवळी दिसते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन ताई उचलते, स्पीकरवर टाकते आणि भांडी घासत ऐकते. या पत्रातला मजकूर भांड्यांच्या आवाजात सांगण्यासारखा नाही. म्हणून नागपूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देणार आहे. तुम्ही एसटीत कंट्रोलर होतात, एवढी ओळख तो ठेवेल.

तुम्हाला ‘तमोवनाची गाथा’ आठवत असेल. पाच जाडजूड खंड, त्यात राक्षस, मंतरलेली जंगलं आणि पहिल्या पानावर एक नकाशा, जो उलटा धरला तरी तेवढाच समजतो. आमच्या लोकमित्र वाचनालयात गेल्या सहा वर्षांत एवढं दुसरं काहीच वाचलं गेलं नाही. (स्पर्धा परीक्षांची पुस्तकं जास्त बाहेर असतात, पण ती वाचली जात नाहीत, फक्त उघडी ठेवली जातात.) अरुणिका राणी, तिचा झुंजार घोडा आणि तिला काळ्या तळ्यातून पलीकडे नेणारा म्हातारा खेमा नावाडी, ही मंडळी राळेगावात आमच्यापेक्षा जास्त ओळखीची आहेत. दर रविवारी वाचक मंडळ बसतं. अध्यक्ष विमलताई, ज्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि मनाने अजून आहेत. त्या पुस्तकात खुणा करू देत नाहीत, पण माणसाच्या बोलण्यात जिथे चूक होईल तिथे खूण करतात.

पाचवा खंड आला तेव्हा, तुम्हाला आठवत असेल, तो सगळ्यांत आधी तुम्ही नेलात. गावचा जावई म्हटल्यावर रांग नसते. तो नागपूरहून परत आला तेव्हा शेवटची चाळीस पानं नव्हती. मी दोष देत नाही. मी फोन केला, तुम्ही म्हणालात पानं कुठे गेली ठाऊक नाही, शेवट काय आहे विचारलं तर म्हणालात, “अरे, शेवटी सगळं ठीक होते.” हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलं आहे. नवी प्रत मागवावी तर आवृत्ती संपलेली. आणि विमलताई रोज अकराच्या ठोक्याला दारात. त्यांचे यजमान जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. घरात त्या एकट्या आणि वर चार खंड वाचून झालेले. बाई त्या रिकाम्या जागेकडे बघायच्या जिथे पाचवा खंड असायला हवा होता. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणं मला जमेना. तेव्हा भाऊजी, जे आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. ती चाळीस पानं मी लिहिली.

तुमच्याच वाक्यावर विसंबून लिहिली. सगळं ठीक होतं, म्हणजे राणी जिंकते, विषदंत राक्षस मरतो आणि खेमा सुखरूप पलीकडे पोचतो. (झुंजार मात्र मी मारला होता. सगळंच ठीक झालं तर लोकांना संशय येतो.) मग तो मजकूर रहमतभाईंकडे दिला. तहसील कचेरीसमोर त्यांचं टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. पुस्तकाच्याच मापाचा कागद, तसंच अक्षर, आणि शिवायचंही त्यांनीच, असं ठरलं. तीन दिवसांनी गेलो तर रहमतभाई घोड्यापाशी अडून बसलेले. “साहेब, यानं काय बिघडवलं कोनाचं? याले काहून मारून राह्यले?” मी म्हटलं बरं, जगू द्या. दुसरी गोष्ट मला पुस्तक शिवून झाल्यावर कळली. रहमतभाईंनी तीस वर्षं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली आहेत, त्यामुळे हात सवयीने चालतो. माझ्या मजकुरात राणी खेमाला तळ्याकाठची जमीन देते, एवढंच एक वाक्य होतं. छापून आलं ते असं: ‘सदर खेमा नावाडी, वय अंदाजे ७०, धंदा नाव चालवणे, यांचे नावे सदरहू जमीन कायमची करून दिली असून चतुःसीमा खालीलप्रमाणे.’ पूर्वेस काळे तळे, पश्चिमेस तमोवन, दक्षिणेस राजमार्ग, उत्तरेस विषदंताची पडीक जागा. खाली दोन साक्षीदार. राक्षससुद्धा मरण्याआधी ‘सत्य प्रतिज्ञेवर’ बोलतो.

मी आठ दिवस जेवलो नाही. पण भाऊजी, लोकांना तोच भाग आवडला. रामलालजी, ज्यांचं कोरडवाहू शेत बांधाच्या वादात अकरा वर्षं अडकलं होतं, त्यांनी मंडळात सांगितलं की जमीन कशी द्यायची असते हे समजणारा हा पहिलाच कादंबरीकार. विमलताई म्हणाल्या, शेवटाला भाषा गंभीर होते हे थोर लेखकाचं लक्षण. शेवटचा कागद जरा पांढरा का आहे, एवढं एकाने विचारलं, तेव्हा मी म्हटलं प्रकाशकाने शेवट खास कागदावर छापला आहे. ते वाक्य खोटं नव्हतं, फक्त त्यातला प्रकाशक खोटा होता.

अशी साडेपाच वर्षं सुखात गेली आणि मग या महिन्यात सिनेमा आला. दोन क्रूझर गाड्या करून वाचक मंडळ यवतमाळला गेलं. मध्यंतरापर्यंत सगळं रीतसर चाललं होतं, म्हणजे लोक फक्त नेहमीसारखे भांडत होते. राणी पुस्तकात सावळी आणि तिरळी, इथे गोरी काहून केली. तिसरा खंड अख्खा कुठे गेला. झुंजारच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, हा घोडा कोणाचा आणला. मागच्या रांगेतल्या ज्या पोरांनी पुस्तक वाचलंच नव्हतं त्यांनी गप्प बसा म्हटलं, त्यावर विमलताई उठून उभ्या राहिल्या आणि पोरं बसली. मग शेवट आला. मी डोळे मिटून घेतले होते, पण कान उघडेच होते. नाव मधोमध फुटली, घोडा गेला, खेमा नावाडी राणीला काठावर ढकलून स्वतः तळाशी गेला. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, “त्याच्या नावावर सातबारा झालेला असताना तो बुडतोच कसा?” सिनेमाने पुस्तकाचा खून केला, असं परतीच्या रस्त्यात कळंबच्या चहापर्यंत एकमताने ठरलं.

इथवरही मी निभावलं असतं. सिनेमावाले बदलतातच, असं म्हणून विषय संपवणार होतो. पण रविवारच्या बैठकीला निकिता आली. निकिता म्हणजे विमलताईंची नात, अमरावतीला एम.ए. करते. तिच्या हातात पाचव्या खंडाची नवी आवृत्ती, सिनेमा येणार म्हणून पुन्हा छापलेली. येत्या शनिवारी तिला विद्यापीठात याच विषयावर निबंध वाचायचा आहे, कादंबरी आणि सिनेमा यांची तुलना. तिने उभं राहून सरळ सांगितलं की सिनेमाने शेवट बदललेला नाही, पुस्तकात खेमा बुडतोच, आणि पान वाचून दाखवलं. फार सुरेख लिहिलं आहे हो मूळ लेखकाने. मला खरंच वाईट वाटलं.

मग रामलालजी पुढे झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांना बोगस बियाणं लागलं होतं, सहा एकर पऱ्हाटी बोंडाविना उभी राहिली, तेव्हापासून ते कोणतीही वस्तू उजेडात धरल्याशिवाय घेत नाहीत. त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि कृषी सहायकासमोर करतात तशी तपासणी केली. आमच्या प्रतीवर शिक्का आहे, दाखल क्रमांक आहे. निकिताच्या प्रतीवर काही नाही. आमच्या प्रतीत शेवटच्या भागाची शिलाई निराळ्या दोऱ्याची आहे. रामलालजी म्हणाले, “असली बियाण्याच्या बॅगचं तोंड नेहमी अलग दोऱ्यानं शिवलेलं असते. हे सारं पुस्तक एकसारखं सफा हाय, म्हंजे डुप्लिकेट हाय. पोरीले फसवलं कोनीतरी.” सगळ्यांना पटलं. निकिताच्या प्रतीचा पंचनामा झाला, पाच सह्या झाल्या, आणि कोणी तिला रागावलं नाही. उलट सगळ्यांनी तिची कीव केली, आणि तेच मला बघवलं नाही. ऑनलाइनवर असंच येते बाई, पुढच्या वेळेस पक्की पावती घेत जाय, असं एकेक जण सांगून गेलं. तिची सख्खी आजीसुद्धा.

सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. या पोरीने दहावीच्या सुट्टीत आमच्याकडचे चार खंड वाचून संपवले होते. तिने तिची प्रत माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “काका, तुम्ही ग्रंथपाल आहात. कोणतं खरं ते तुम्हीच सांगा. एवढी सारी मोठी माणसं सांगून राह्यली तर मले माह्याच डोयावर भरोसा नाही राह्यला. शनिवारी काय वाचू?” मी म्हटलं, तपासून सांगतो. भाऊजी, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं हलकं वाक्य बोललो नव्हतो. ती जर शनिवारी विद्यापीठात उभी राहून काळ्या तळ्याच्या चतुःसीमा वाचू लागली, तर त्या पोरीचं हसं होईल आणि ते माझ्यामुळे होईल. मला लाज वाटते. जेवण जात नाही, आणि या वेळी ते आठ दिवसांत संपेल असं दिसत नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. तुम्ही पायाला जपावं.

तुमचा,
उकंडा

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. गुरुवारी सकाळच्या गाडीने इकडे यावं आणि वाचक मंडळासमोर सांगावं की ती चाळीस पानं तुम्ही लिहिलीत. यात तुमचं काही जात नाही. पानं तुमच्याच हातून हरवली, शेवट तुम्हीच सांगितला, तेव्हा हे सत्यापासून फार लांबही नाही. मी बोललो तर शिक्क्यासकट घरी जाईन आणि बाई माझं तोंड पाहणार नाहीत. तुम्ही गावचे जावई. जावयाला कोणी वाकडं बोलत नाही, फार तर चहात साखर कमी पडेल. शिवाय तुमची पेन्शन सुरू आहे, ती या कारणाने बंद होऊ शकत नाही, मी विचारून घेतलं आहे. भाषण मी लिहून ठेवलं आहे. रहमतभाईंना टाइप करायला दिलेलं नाही.

ता. क. २ (बुधवार). गाडी चुकली म्हणून पत्र खिशातच राहिलं. आज निकिताचं पुस्तक परत द्यायला विमलताईंकडे गेलो. पोर पडवीत वही उघडून बसली होती आणि निबंधातला खेमाचा परिच्छेद खोडत होती. ते पाहून माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, खोडू नकोस, तुझं पुस्तक खरं आहे, बोगस आमचं. तिने विचारलं, मग ती पानं कोणी लिहिली? आणि भाऊजी, तोंडातून तुमचं नाव गेलं. तयारी झालेली होती ना. निकिता हसली, मग तिचे डोळे भरून आले, आणि ती फक्त एवढंच म्हणाली की बरं झालं, मले वाटलं मी पागल झाली. आत विमलताई तांदूळ निवडत होत्या. त्या बाहेर आल्या, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “मंग खेमा मेला?” मी हो म्हटलं. मला वाटलं आता नाव कमी करतील, वर्गाबाहेर काढतील. मग म्हणाल्या, “हे गेले तवा मी ते शेवटचं पान रोज वाचत होती. म्हातारा पलीकडे पोचला, जमीन भेटली, साक्षीदार हायत, एवढं वाचलं की डोया लागे. आपल्या जावयाले सांग, बाई म्हने माणसाचं मन कळते त्याले. निकिते, जावयाचं नाव लिहून घे, विद्यापीठात सांगजो.”

निकिताने तुमचं पूर्ण नाव, आडनावासकट, वहीत लिहून घेतलं. मी चहा घेतला आणि निघालो.

ता. क. ३ (बुधवार, दुपार). फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. बाईंसमोर उभं राहून सगळं सांगितलं. घोडा रहमतभाईंनी वाचवला हेही सांगितलं, चतुःसीमा त्यांच्या आहेत हेही. बाईंनी मला खोटं बोलल्याबद्दल दहा मिनिटं उभं ठेवलं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, शेजारीपाजारी बघत असताना. रविवारी मंडळासमोर मीच सांगायचं आहे. रामलालजी काय करतील सांगता येत नाही, बहुतेक माझा पंचनामा होईल. निकिताने तुमचं नाव खोडून माझं लिहिलं, ते मी वाकून पाहून घेतलं. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. रविवारी जावई म्हणून जरूर यावं, पुढच्या खुर्चीत बसवू, ताईलाही आणावं. फक्त कोणी विचारलं तर गप्प राहावं. ती पानं मी लिहिली आहेत.