उलटा उतार

प्रिय ठमे,

फोन न करता चिठ्ठी कसली पाठवते ही बाई, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तरी हल्ली माझं एक सांगता सांगता दुसरंच निघतं. कागदावर बरं असतं, वर काय लिहिलंय ते डोळ्यांसमोर राहतं. हे आत्ता औषधं आणायला गेलेत. वाटेत त्यांच्यासारखाच कुणी रिकामटेकडा भेटला तर तासभर तरी येत नाहीत, तेवढ्यात मला हे संपवायचंय. गुरुवारी तू बाबांना त्या विसरभोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार, आणि तो काय म्हणतो ते कळेपर्यंत मनीला आजोळी आमच्याकडे पाठवणार नाहीस, हे तू शनिवारी चारचौघांत ठणकावून सांगितलंस. आज मंगळवार. गुरुवारच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच हवं, म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंबरोबर देतेय. मनीचा खोकला कसा आहे?

खरं सांगू, शनिवारी तू माझ्या पोटची आहेस हे मी दोन मिनिटं विसरले होते. इतका राग आला होता तुझा. जावईबापू पहिल्यांदा म्हणाले की नव्या घराच्या मागे पूल बांधायचाय, तेव्हा मला वाटलं, मागे नाला-बिला आहे की काय! पोहायचा तलाव म्हटल्यावर मी हसत सुटले, कारण तुमच्या दोघांपैकी पोहता येतं कुणाला? पण बाबांचा चेहरा बघायला हवा होतास. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं नुसत्या टाक्यांचे आणि नळांचे नकाशे काढले त्या माणसाने. घरच्या कुणासाठी काही काढायचा योगच आला नव्हता. लागोपाठ चार सकाळी तुझ्या मागच्या पायरीवर वही घेऊन बसले होते, आठवतंय? तू म्हणालीस, बाबा नुसते बसून काय करतात. ऊन कुठून येतं आणि कुंपणाजवळच्या झाडाचा पाला कुठवर उडतो, ते बघत होते. पाला पाण्यात पडला तर रोज जाळी घेऊन कोण उभं राहणार, आमच्या लेकीला तर स्वतःचं ताट उचलायचा कंटाळा, असं म्हणाले. मग तलाव झाडापासून सहा पावलं इकडे सरकवला. पंपाची खोली शेजाऱ्यांच्या निजायच्या खोलीपासून लांब नेली, घरघर नको म्हणून. तलावाच्या फाटकाची कडी कुठे लावायची हे ठरवायला मनीला आमच्या दारापाशी उभी केली, वर बिस्किटाचा डबा धरला आणि उड्या मारायला लावल्या. तिची बोटं पोचली त्याच्या वर आणखी हातभर खूण केली. मनीला वाटलं खेळ चाललाय. तिने सहा बिस्किटं उकळली.

आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते उताराने. उथळ बाजू स्वयंपाकघराकडेच हवी, यावर हे अडून बसले होते. भांडी घासताना मान वर केली की मनी दिसली पाहिजे. त्या बाजूला चार फूट खोदायचं. खाली खडी, वर काँक्रीट, त्यावर फरशी, आणि काठाखाली वीतभर जागा मोकळी सोडली की पाणी उरतं अडीच फूट, म्हणजे मनीच्या छातीपर्यंत. दुसऱ्या टोकाला खोदायचं सात. हे गणित त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी पाढ्यासारखं म्हणून दाखवीन. आणि असा माणूस उतार उलटा काढेल, यावर तुझा विश्वास बसला तरी कसा? तू त्यांचीच मुलगी ना गं?

पण बसला, हे खरं. आणि दिसतही तसंच होतं, हेही खरं. गुरुवार-शुक्रवार हे तापाने पडून होते, आणि नेमकं तेव्हाच कंत्राटदाराचं खोदायचं यंत्र मोकळं झालं. शनिवारी आम्ही पोचलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आठ फुटांचा खड्डा. पायाचे दगड उघडे पडलेले, भिंतीत कोपऱ्यापासून बोटभर तडा, आणि तू मनीला कडेवर घट्ट धरून उभी. कंत्राटदार ओरडत होता की कागदावर होतं तसंच खोदलंय. बाबा पुढे गेले, त्याच्या हातातून कागद घेतला, बघितला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि म्हणाले, बरोबर आहे याचं, मीच उलटं काढलं. बास, एवढंच. मग तू सुरू झालीस. पाणी भरल्यावर मनी उथळ समजून खिडकीपुढे उतरली असती आणि पाय टेकलेच नसते तर, म्हणालीस. तुम्हाला आता झेपत नाही, पेन्सिल खाली ठेवा, म्हणालीस. तू चूक होतीस असं नाही म्हणत मी. मुलीच्या जिवापुढे आई काहीही बोलते. पण हे खाली मान घालून उभे होते, ऑफिसात साहेबासमोरसुद्धा कधी उभे राहिले नसतील असे, आणि मला ते बघवेना. घरी आल्यावर मी म्हटलं, अहो, तुम्ही उलटं काढलंत? तर म्हणाले, वय झालं. आणि टीव्ही मोठा केला.

काल शर्ट धुवायला टाकताना खिशात तो कागद सापडला. ठमे, उतार उलटा नाहीये. बाबांची एकूण एक रेघ सरळ आहे. लांबी-रुंदी त्यांनी स्वतः उभं राहून जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखून दिली होती, त्यामुळे अख्ख्या कागदावर आकडे दोनच. स्वयंपाकघराकडे ४ आणि पलीकडे ७. आपले आकडे! त्या परमुलखातल्या कंत्राटदाराला आपली लिपी कुठून येणार? त्याने आपला चार बघितला आणि त्याला तो 8 वाटला. आपला सात त्याला 6 वाटला. एकीकडे आठ, एकीकडे सहा, दिसायला सगळं व्यवस्थित, त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. शुक्रवारी तो काँक्रीट ओतणार आहे. त्याला आजच्या आज थांबव आणि हे दोन आकडे त्याच्या भाषेत समजावून सांग. भिंतीकडची बाजू थराथराने भरून, ठोकून परत उचलता येते. बाबांनी ते कसं करायचं ते रविवारीच काढून ठेवलंय, पण तुझ्यापुढे कागद धरायची त्यांना लाज वाटतेय.

आता तू म्हणशील, म्हणजे आकडे चुकीचे लिहिले बाबांनीच ना! नाही गं. त्यांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो. पट्टी धरून रेघ मारतात, पण अक्षर धड येत नाही, म्हणून कागदावरचं लिहिणं मी करते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी, माझा आकडा छापल्यासारखा असतो. आणि कंत्राटदाराच्या कागदावर त्याला वाचता येतील असेच आकडे घालायचे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आजवर कधी चुकले नव्हते. कालच्या कागदावरचं अक्षर माझं आहे. आणि ते लिहिल्याचं मला आठवत नाही. कधी बसले, कुठे बसले, काहीच नाही. मी यांना विचारलं तर म्हणाले, मीच तुला तसं लिहायला सांगितलं होतं. खोटं बोलताना यांचे कान लाल होतात, ते अजून होतात. शनिवारी तो कागद उघडताक्षणी त्यांना सगळं कळलं होतं, आणि तो त्यांनी खिशात घातला तो तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. मनीचा खोकला थांबला का गं? हे मघाशी विचारलं वाटतं. वर बघितलं, विचारलंय. राहू दे, खोडत नाही.

इतके दिवस मी यांच्यावर चिडत होते, की रिटायर झाल्यापासून हा माणूस नुसता माझ्या मागे मागे असतो. सकाळचा चहा स्वतः करतात, मला गॅसपाशी जाऊ देत नाहीत. बाजारात बरोबर येतात आणि पिशवी धरल्यासारखं करून माझा हात धरतात. कपाटाच्या दारांवर आतून चिठ्ठ्या लावल्यात, कुठे काय आहे त्याच्या. मला म्हणाले, माझ्यासाठी लावल्यात, मला सापडत नाही. मी भोळी! मी त्यांना नावं ठेवत होते, की काय हा विसराळू म्हातारा.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते, नाहीतर हे येतील. तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी मी मनीला कोपऱ्यावरच्या बागेत घेऊन गेले आणि एकटीच परत आले. चपला काढल्या, हातपाय धुतले, पेपर वाचत बसले. यांनी विचारलं, मनी कुठाय? मी म्हटलं, आज कुठे यायचा वार आहे तिचा? हे अनवाणी धावले. ती घसरगुंडीखाली बसून रडत होती, आणि फाटक उघडं होतं, पलीकडे तो मोठा रस्ता. यांनी तिला सांगितलं की आजी लपाछपी खेळत होती. मला शपथ घातली की तुला सांगायचं नाही, तू घाबरशील आणि मनीला माझ्यापासून तोडशील. मी शपथ मोडतेय. गुरुवारी तो डॉक्टर यांना वार विचारेल आणि हे मुद्दाम चुकीचा सांगतील, म्हणजे सगळ्यांचं लक्ष यांच्याकडेच राहील आणि मी सुटेन. तसं होऊ देऊ नकोस. त्यांना घरी ठेव आणि मला ने. मनीला पाठव, पण बाबा घरात असतील तेव्हाच, माझ्या एकटीच्या भरवशावर नको. आणि ऐक, गुरुवारी तू दारात उभी राहिलीस की मी कदाचित तुझ्याशी भांडेन. मला काही झालेलं नाही म्हणेन, असलं पत्र मी लिहिलंच नाही म्हणेन. अगदी शपथेवर म्हणेन. माझं ऐकू नकोस.

तुझीच,
आई