कौतुक करायची नोकरी

आपिया, बुधवार

आदरणीय लागीमाईनाताईस धाकट्या भावाचा, सोलोमोनाचा, वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? बोटीने येणारे लोक सांगतात की तुझ्याकडे हल्ली टारोचे कंद लवकर शिजतात आणि तुला दुपारी जरा लवंडायला मिळतं. ऐकून बरं वाटलं. (त्याबद्दल पुढे बोलू.) आमची खुशाली विचारशील तर रूता ठीक आहे, डुक्कर ठीक आहे, मी ठीक नाही.

खोबरेल तेलाची गिरणी बंद पडली हे तुला ठाऊक आहेच. इतकी वर्षं मी तिथे खोबरं वाळवायच्या भट्टीपाशी बसलो. भट्टीशी बोलावं लागत नाही, हा त्या नोकरीतला सगळ्यात मोठा गुण होता, हे आता कळतंय. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला प्रेशर कुकर विकायची नोकरी लागली. कंपनीने एक टाय दिला, दाखवायला एक कुकर दिला आणि एक पुस्तिका दिली. पुस्तिका परदेशात छापलेली आहे. तिच्यात पहिलाच नियम असा की गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकताच तिथल्या एखाद्या वस्तूचं तोंडभरून कौतुक करा, म्हणजे गिऱ्हाईक खुलतं. ताई, ज्याने हे लिहिलं तो सामोआत कधी कुणाच्या ओसरीवर बसलेला नसणार. आणि मी जन्मापासून इथेच बसलेलो असूनही टाय बांधल्याबरोबर सगळं विसरलो, याला काय म्हणावं ते तूच सांग.

पहिल्याच घरी मी भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक केलं. कुकरची पिशवी उघडायच्या आत घड्याळ माझ्या मांडीवर होतं. नको नको म्हणालो, पण तू जाणतेस, नको म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारणं. दुसऱ्या घरी मी सावध राहून एका साध्या कोंबडीबद्दल दोन शब्द बोललो, ती सगळ्या बसप्रवासात माझ्या टायला चोची मारत घरी आली. तिसऱ्या घरी माझ्या तोंडून चटईबद्दल निघून गेलं. साधी नव्हे ग, लग्नामयतात द्यायची बारीक विणीची चटई, जी विणता विणता त्या बाईचे डोळे गेले असतील. त्या रात्री मला घास गेला नाही. शिवाय आलेल्या वस्तूची परतफेड करायची असते. रूताने फळीवरचे डबाबंद मांसाचे सगळे डबे त्या घरांना पोचते केले, मग आपला पंखा, मग माझे रविवारचे पांढरे कपडे. एकही कुकर न विकता आमचं घर निम्मं रिकामं झालं. रूताचा भाऊ मिकाएले येऊन बघून गेला. "दाजी, नोकरी सुटली की सरळ माझ्याकडे या," म्हणाला. "माझ्या डुकरांना काही विकावं लागत नाही. पुढ्यात टाकाल ते खातात." हे तो मायेने बोलला, म्हणून जास्त लागलं. या वयात बायकोच्या भावाची डुकरं सांभाळायची आणि दर संध्याकाळी त्याचा उपदेश गिळायचा, त्यापेक्षा भट्टीत पडलो असतो तर बरं झालं असतं.

मग मी डोकं चालवलं. (तू लहानपणापासून सांगत आलीस की मी डोकं चालवू नये.) ठरवलं, जे उचलून देताच येणार नाही अशाच गोष्टीचं कौतुक करायचं. एका घरी कोपऱ्यात फेतुआओ नावाची एक म्हातारी बसून भजन म्हणत होती. म्हटलं, आवाज काय कुणी पिशवीत घालून देणार आहे? म्हणालो, आजींचा गळा काय गोड आहे. मग सून उठली (आता आठवतं तर जरा लगबगीनेच उठली) आणि तिने म्हातारीचं बोचकं बांधलं.

तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गाते. रूताच्या स्वयंपाकात मीठ कमी म्हणते आणि माझ्या पायात जोर कमी म्हणते. मी टाय बांधायला लागलो की विचारते, "अरे सोलोमोना, आज कुणाचं घर लुटायला निघालास?" काल म्हणाली, "तुला विकता येत नाही कारण तुझ्या तोंडावर आधीच माफी लिहिलेली असते." माझ्या घरात, माझ्या चटईवर बसून हे मी ऐकतो.

आता खरी गोष्ट. गावचे मुखिया, मातई सालेवाओ, यांच्याकडे मी कुकर दाखवायला गेलो. कुणाच्याही वस्तूकडे बघायचं नाही म्हणून मान खाली घालून सगळं केलं. डुकराचं मांस शिट्ट्यांवर असं शिजलं की उमूच्या चुलखड्ड्यासाठी दगड तापवणारी पोरं काम टाकून बघायला आली. गाव जमलं. मला वाटलं, आज दिवस फिरला. मातई पुढे वाकले, झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सोलोमोना, काय देखणं भांडं आहे रे."

ताई, आईने आपल्याला कसं वाढवलं ते तुला आठवतं. मी तोंड घट्ट मिटायला गेलो, तर माझंच तोंड मला म्हणताना ऐकू आलं, "तुमचंच आहे." परत मागायला गेलो असतो तर आई थडग्यातून उठून आली असती, आणि थडगं अंगणातच असल्याने तिला लांब यावं लागलं नसतं.

पुढच्या आठवड्यात मातईंकडे पाद्र्यांची बायको जेवायला गेली आणि तिने कुकरचं कौतुक केलं. माझा साहेब एतुआटी रोज कुकरबद्दल विचारतो. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो आणि काका म्हणूनच झाडतो. मी त्याला सांगितलंय की कुकर एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे पारखायला ठेवलाय. सोमवारी ऑकलंडहून थोरले साहेब येणार आहेत. प्रत्येक विक्रेत्याने आपापला कुकर पुढे घेऊन रांगेत उभं राहायचं आहे. माझ्यापुढे टायशिवाय काही नाही. मी फार थकलोय, ताई. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
सोलोमोना

ता. क. पाद्र्यांची बायको काल भेटली. म्हणाली, भजनमंडळ तुमच्या सवाई बेटावर आलं तेव्हा जिच्याकडे उतरलं, त्या यजमानीणबाईंनी कुकरचं फार कौतुक केलं, म्हणून तो तिथेच दिला. यजमानीणबाई म्हणजे तू. भावाने बहिणीकडे काही मागायचं नसतं, ते मी जाणतो, आणि मी मागत नाहीये. एवढंच लिहितो की तुझ्या घरात एक कुकर आहे असं ऐकतो. काळी मूठ, चकचकीत पोट, शिट्टी अशी की शेजारचं गाव जेवायला बसावं. इतकं देखणं भांडं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. पुस्तिकेतला पहिला नियम मी आज पहिल्यांदाच मनापासून पाळतोय.

ता. क. दुसरा. हे पत्र फेतुआओ आजी स्वतः घेऊन येतेय. बोटीत कुकर मांडीवर सांभाळून आणेन म्हणाली, माझ्यावर तिचा भरवसा नाही. तुझ्याकडे ती पहाटे गाईल. काय वाटेल ते कर, कानात बोटं घाल, पण तिच्या गळ्याचं कौतुक चुकूनही करू नकोस. काल ती निघायच्या तयारीत बोचकं बांधत होती, तर रूता चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती, आणि मला पहाटे जाग यायला आता दुसरं काही उरलेलं नाही.